जावयाने स्टुलावर चढू नये

"जावईबापू, आधी खाली उतरा."

मामांचा आवाज कधी चढायचा नाही. चढला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. मी बाथरूममध्ये स्टुलावर उभा होतो. एका हातात स्क्रू-ड्रायव्हर, दुसऱ्या हातात नुकताच भिंतीतून काढलेला जुना एक्झॉस्ट फॅन. त्याची पाती मळाने गच्च बसली होती, बोटानेही फिरत नव्हती. खाली माझी बायको वैजयंता टॉर्च धरून उभी होती आणि दारात मामा, म्हणजे माझे सासरे हणमंतराव नलवडे. आमच्या भागात सासऱ्याला मामा आणि सासूला मामी म्हणतात. मामी त्यांच्या मागे पदराला हात पुसत उभ्या होत्या.

"झालंच मामा," मी म्हणालो. "नवीन आणलाय. दहा मिनिटांचं काम आहे."

"काम किती मिनिटांचं हाय ते मी विचारलं का? जावयानं स्टुलावर चढायचं आन् सासऱ्यानं खाली उभं राहून बघायचं, ही आमच्याकडं पद्धत न्हाई."

"अहो, पण घरचंच काम आहे."

"म्हणूनच," मामा म्हणाले.

मी वैजूकडे बघितलं. तिने टॉर्च बंद केला. मामी मागून हळूच म्हणाल्या, "उतरा वो, उगं कशाला." मी उतरलो. नवा फॅन खोक्यात परत गेला, जुना भंगारात गेला आणि भिंतीला ताटाएवढं गोल भोक उरलं.

ही गोष्ट तासगावची. मी तिथल्या एका कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात कामाला होतो. मामांना हृदयाचा झटका आला तेव्हा "दोन महिने येऊन राहा, आधार होईल" असा मामींचा फोन आला होता. त्यांचा मुलगा बेंगळुरूला, कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्याला रजा मिळत नव्हती. आम्ही दोन पेट्या घेऊन गेलो आणि दोन महिन्यांची सहा वर्षं झाली. वरच्या मजल्यावरची खोली आमची, बाकी सगळं घर त्यांचं. गावाकडे गेलो की माझा चुलतभाऊ यात्रेच्या गर्दीत सगळ्यांदेखत विचारायचा, "काय निवास, सासू पगार देती का नुसतं जेवणावर?" मी हसायचो. माझं नाव निवास जगदाळे. आईबापाने कुठल्या मुहूर्तावर ठेवलं देव जाणे, स्वतःचा निवास काही नशिबात नव्हता.

मान मात्र भरपूर होता. पंक्तीत पहिलं ताट माझं. दुधावरची साय माझ्या वाटीत. कुणी आलं की मामा ओळख करून द्यायचे, "हे आमचे जावई," आणि खुर्ची सरकवून मला बसायला लावायचे. मला वाटायचं, हे प्रेम आहे. वाटण्यात माझा दोष नव्हता, दिसायला तसंच दिसत होतं.

बिघडलं ते त्या दिवाळीच्या आधी. बोअरच्या मोटरीचा स्टार्टर जळाला, तो मी बदलून घेतला. मग अंगणातला नळ गळायला लागला, तो बसवला. मग फाटकाची कडी. शेजारच्या पवारकाकूंनी कुंपणावरून बघितलं आणि मामींना म्हणाल्या, "बरं हाय वैनी तुमचं. घराला मालक घावला." काकू चांगल्या मनाने म्हणाल्या. पण मामा व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते आणि पेपरचं पान काही उलटलं नाही. त्या दिवसापासून घरातला पाना, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर मला सापडेनासा झाला. फॅनसाठी मी स्क्रू-ड्रायव्हरही बाजारातून विकत आणला होता.

मला स्टुलावरून उतरवलं त्याच संध्याकाळी बैठक भरली. प्रश्न एकच, फॅन कुणी बसवायचा. चर्चा अशी रंगली की कुणाला वाटावं साखर कारखान्याची निवडणूक लागलीय.

"रफिक मुलाणीला बोलवू मग," मी म्हणालो. "घराचं वायरिंग त्यानंच केलंय."

"रफिक चांगला हाय," मामा म्हणाले. "पर बाळासाहेबानं तिकडं फॅन घिऊन ठेवलाय. सेन्सरचा. माणूस आत गेलं की आपुआप चालू हुतंय. आता बाहेरच्या माणसाकडनं दुसराच बसवून घ्येतला, तर त्याला काय वाटंल?"

बाळासाहेब म्हणजे वैजूचा धाकटा भाऊ रणधीर. वय चौतीस, पण घरात अजून बाळ. मामांनी त्याला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा मध्ये ठेवला.

"पप्पा, कुणाला हात लावू देऊ नका," बाळासाहेब म्हणाला. "नाताळच्या सुट्टीत येतोय ना मी. मीच बसवणार. व्हिडिओ बघितलाय, एकदम सोपं आहे."

"जुना दाजींनी काढलाय रे," वैजू म्हणाली. दाजी म्हणजे बहिणीचा नवरा, म्हणजे मी.

"का? कशाला काढला?" त्याचा आवाज एकदम बदलला. मग सावरला. "नाही, म्हणजे दाजींना कशाला त्रास? पाहुणे आहेत ते आपले."

"बघा," मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "पोराला किती जाण हाय."

फोन ठेवून मामांनी चष्मा काढून खिशात टाकला. मग वैजूला म्हणाले, "त्याच्या हातचा एक खिळा न्हाई या घरात. एवढं तरी त्याला करू दे." हे ते खरं बोलले आणि ते मला कळलंही. बाप आहे, दोन वर्षांत पोरगं घरी फिरकलेलं नाही, त्याचा हात कुठेतरी लागावा असं वाटणारच. पण त्या एका फॅनवर ते पोराचं घरावरचं नाव कोरून घेणार होते आणि तोवर भिंतीला भोक राहणार होतं.

"जावईबापू, मनाला लावून घिऊ नका," मामा उठता उठता म्हणाले. "तुमचा मान मोठा हाय."

डिसेंबर लागला होता. द्राक्षबागांत लोक पहाटे शेकोट्या करत होते. भोकातून गार वारं आत यायला लागलं आणि मामींनी कुरकुर केली, न्हाताना पाठ काकडते. तेव्हा मामांनी तेलाचा रिकामा डबा कापला, त्याचा पत्रा सपाट केला आणि भोकावर चारी बाजूंनी खिळे मारून बसवला. सत्तरीचा, हृदयाचं दुखणं असलेला माणूस त्याच स्टुलावर चढला, त्याला मात्र कुठली पद्धत आडवी आली नाही.

बाथरूमला खिडकी नव्हती. पाणी बाहेर येतं म्हणून दाराला खालून रबरी पट्टी ठोकलेली. आणि गॅसचा गिझर आतच. मी ऑफिसातून आलो, पत्रा बघितला आणि तसाच मामांकडे गेलो.

"मामा, तो पत्रा काढा. आत गिझर पेटतो. हवा यायला-जायला वाट नाही. माणूस गुदमरेल आत."

"कशानं गुदमरंल?"

"जळलेल्या गॅसनं. तो बाहेर जायला पाहिजे."

"धूर कुठं दिसतोय? चूल हाय व्हय ती?"

"दिसत नाही मामा, पण असतो."

"दिसत न्हाई पर असतो, म्हणं!" मामा हसले. "मग त्याला नारळ फोडा जावईबापू, द्येवच हाय त्यो." आणि वैजूही हसली. मी तिच्याकडे बघितलं तेव्हा तिने तोंड फिरवलं. "पंधरा दिसाचा तर प्रश्न हाय," मामा म्हणाले. "बाळ येतोय की."

दुसऱ्या दिवशी मी मामींना स्वयंपाकघरात गाठलं. त्या भाकरी थापत होत्या. मी म्हणालो, "मामी, एक करा. आधी बादल्या भरून घ्या, गिझर बंद करा, मग दार लावा."

"बादलीत पाणी निवतंय वो." त्यांनी बाहेर नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "खरं सांगू का? मलाबी आत कसंतरीच हुतंय. डोस्कं जड पडतंय. पर ह्यांच्याम्होरं बोलायचं कुणी? तुम्हीच गपचीप त्यो पत्रा उचकटून टाका की."

मी टाकला. मामा बाजारात गेले होते तेव्हा, पक्कड नव्हती म्हणून उलथन्याने उचकटला आणि मागच्या परड्यात भिरकावून दिला. संध्याकाळपर्यंत तो परत जागेवर आला होता. आधी खिळे चारच होते, आता कडेने नुसती माळ लावली होती. रात्री जेवताना मामा माझ्याशी बोलले नाहीत. वैजूला म्हणाले, "पाहुण्यांना भाजी वाढ." मामींनी पानावर नजर खिळवून ठेवली होती. हात धुताना त्या माझ्याजवळ येऊन पुटपुटल्या, "ऱ्हाऊ द्या आता. उगं माझ्यापायी घरात वाद नगं."

मी वैजूला वरच्या खोलीत म्हणालो, "तू तरी बोल त्यांना. तुझी आई आहे ती."

"बोलले असते हो," ती म्हणाली. "पण मग ते म्हणणार, जावयानं पढवून पाठवली. घर त्यांचं आहे. आपण किती बोलायचं?"

तो मार्गशीर्षातला गुरुवार होता. मामींचा महालक्ष्मीचा उपास, पूजा, संध्याकाळी सवाष्णी यायच्या होत्या. पूजेआधी डोक्यावरून न्हाणं. वैजू डहाळे आणि फुलं आणायला पलीकडच्या गल्लीत गेली होती. मी वर ऑफिसला निघायच्या तयारीत होतो, तेवढ्यात खालून मामांच्या हाका ऐकू आल्या. "अगं ए! झालं का न्हाई?" मग दारावर थापा. मग पुन्हा, "अगं, ऐकू येतंय का?"

मी शर्टाची बटणं लावत खाली आलो. आत पाणी वाहत होतं, गिझरचा भरभर आवाज येत होता. माणसाचा आवाज नव्हता.

"कधीपासून आहेत आत?"

"लई वेळ झाला. म्हणलं, क्यास धूत आसंल."

मी दाराला खांदा लावला. मामांनी माझा दंड धरला. "तुम्ही नको!"

"का?"

"बाईमाणूस न्हातंय आत. तुम्ही जावई. वैजूला बोलवा."

"वैजू बाहेर गेलीय मामा!"

"मग पवारीणबाईला हाक मारा. तुम्ही न्हाई जायचं आत. मी सांगतोय न्हवं? न्हाई जायचं!"

आणि ते दाराला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभे राहिले. आत बायको मरतेय की काय हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण जावयाने सासूला तशा अवस्थेत बघायचं, हे त्यांच्या डोक्यात त्याहून मोठं होऊन बसलं होतं. सहा वर्षांत मी त्यांना पाया पडण्यापलीकडे कधी हात लावला नव्हता. त्या दिवशी मी त्यांना धरून बाजूला ढकललं. ते पॅसेजमधल्या पाण्याच्या पिंपावर जाऊन आदळले.

कडी दुसऱ्या धक्क्याला निघाली. आतून गरम वाफेचा लोट अंगावर आला. मामी भिंतीशी कोलमडून पडल्या होत्या, मान एका बाजूला. मी आधी गिझर बंद केला. खुंटीवरचं लुगडं ओढून त्यांच्या अंगावर टाकलं आणि काखेत हात घालून त्यांना ओढत व्हरांड्यात मोकळ्यावर आणलं. "मामी, मामी" म्हणून गालावर चापट्या मारत होतो. मामा मागून आले ते घोंगडं घेऊन. ते मामींच्या अंगावर टाकत होते, पुन्हा पुन्हा गळ्यापर्यंत ओढत होते. "झाका," ते म्हणत होते, "आधी झाका तिला." मी घोंगडं बाजूला करायचो, ते पुन्हा टाकायचे. तेवढ्यात मामींनी एक मोठा श्वास घेतला आणि त्यांना उलटी झाली. उलटी बघून मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

वैजू फाटकातून आली, हातातले डहाळे तिथेच पडले. पवारकाकांनी गाडी काढली. दवाखान्यात ऑक्सिजन लावला. दुपारपर्यंत मामी माणसं ओळखायला लागल्या.

डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "गिझरचा गॅस आहे हा. नशीब समजा. अजून थोडा उशीर झाला असता तर हाताला काही लागलं नसतं. बाहेर कुणी काढलं?"

"मुलीनं," मामा म्हणाले. तोंडातून शब्द लगेच बाहेर पडला, त्यांनी तो आधीच तयार ठेवला असावा. "मुलीनं काढलं."

डॉक्टरांनी वैजूकडे बघून मान हलवली. "शाबास. प्रसंगावधान राखलंत."

वैजूने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मामींच्या अब्रूचा प्रश्न होता, तो मला मामांइतकाच कळत होता. गावात तोंडातोंडी काय झालं असतं तेही कळत होतं. म्हणून मी ते जाऊ दिलं. इतकी वर्षं जाऊच दिलं. मामी आता नाहीत, मामाही नाहीत, म्हणून आज सांगतोय.

बाळासाहेब रातोरात गाडी करून आला. दोन दिवसांनी मामींना घरी आणलं आणि माणसांची रीघ लागली. व्हरांड्यात सतरंजी, आत मामी कॉटवर, उशाला मोसंबी आणि शहाळी. कवठ्याहून मामींचे थोरले भाऊ आबामामा आले. फेटा, जाड मिशा, घरातल्या प्रत्येक भांडणात शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी बहिणीच्या डोक्यावरून हात फिरवला, डोळे पुसले आणि मग मोठ्या आवाजात विचारलं, "पर ह्ये झालंच कसं? एवढी शिकल्याली माणसं हाईत घरात."

मग मामा म्हणाले, "फॅन न्हवता. भोकाला पत्रा हुता."

"मग फॅन का न्हवता?"

मामा सतरंजीचा दोरा काढत बसले. बाळासाहेबाने घसा साफ केला. "आता काय बोलायचं आबामामा. मी तिकडं लांब. दाजी घरात आहेत, म्हणून तर मी तिकडं निर्धास्त असतो."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी खांबाला टेकून उभा होतो. सहा वर्षं मी पाहुणा होतो. आता एका वाक्यात मला घरात घेतलं होतं आणि घेतलं ते आरोपी म्हणून.

"मी बसवत होतो," मी म्हणालो. "स्टुलावर चढलो होतो. मला खाली उतरवलं."

आबामामांनी मामांकडे बघितलं.

"असं कुठं म्हणालो?" मामा म्हणाले. "तुम्हाला तरास नको म्हणालो. मानानं म्हणालो. जिवाचा धोका हाय म्हणून ठाम सांगितलं असतंत, तर मी काय अडवणार हुतो?"

"सांगितलं होतं! पत्रा काढून फेकला होता मी. तुम्ही परत मारला." मी कॉटकडे हात केला. "मामींना विचारा. त्यांनीच सांगितलं होतं मला काढायला."

असं म्हणालो आणि मला धीर आला. कारण मामींना सगळं ठाऊक होतं. मला उतरवलं तेव्हा त्या तिथे होत्या. पत्रा त्यांनीच काढायला लावला होता. जिवावर बेतलं तेही त्यांच्याच.

मामी उठून बसल्या. दवाखान्यात शुद्धीवर आल्यापासून त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. मी समोर आलो की पदर कपाळाच्या खाली यायचा आणि मान भिंतीकडे वळायची. मला वाटलं होतं, अशक्तपणा असेल. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, किंवा त्यांना अर्धवट आठवत होतं, कुणी ओढत बाहेर आणलं ते. आताही त्यांनी पदर पुढे ओढला. एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा मुलाकडे. चादरीची कड बोटाने चुरत राहिल्या.

"बोलले हुते त्ये," त्या बारीक आवाजात म्हणाल्या. "बसवतो म्हणाले हुते. पर ऱ्हाऊनच गेलं त्यांच्याकडनं. जाऊ दे दादा. त्यांना बोल लावू नगस."

ऱ्हाऊनच गेलं. किती मऊ शब्द! त्यात राग नाही, तक्रार नाही. आमटीत मीठ घालायचं राहून जातं, कुणाला निरोप द्यायचा राहून जातो, तसं माझ्याकडून राहून गेलं. खोटं बोलल्या म्हणावं तर त्या माझी बाजू घेत होत्या. व्हरांड्यातल्या बायकांनी "किती मोठं मन" म्हणून हळहळ केली. मी तोंड उघडलं, पण बोलायचं काय? आजारातून उठलेल्या बाईला सगळ्यांसमोर खोटारडी म्हणायचं? का सांगायचं, की दार मी तोडलं, तुम्हाला मी उचललं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आबामामा उठले आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "असू द्या पाव्हणं. मनाला लावून घिऊ नका. चूक घरच्याच माणसाकडनं हुती. बाहेरचा कशाला करंल?"

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं ऐकून होतो. इथे संन्याशाला फाशी देऊन वर माफीही देऊन टाकली होती.

चहा आला. वैजूच ट्रे घेऊन फिरत होती. माझ्यासमोर आली तेव्हा मी तिच्या डोळ्यांत बघायचा प्रयत्न केला. तिने कप पुढे केला आणि म्हणाली, "घ्या, गार होईल."

बाळासाहेब कप खाली ठेवत म्हणाला, "गडबडीत माझा फॅन तिकडेच राहिला. दाजी, तुमचा आहे ना खोक्यात? तेवढा बसवून टाका आता. परत धोका नको."

मी फॅन काढला. कुणीतरी स्टूल आणून ठेवलं. मी वर चढलो, पत्रा उचकटला, दोन वायरी जोडल्या, स्क्रू पिळले. स्टूल डगमगत होतं म्हणून मामांनी स्वतः खाली बसून त्याचे पाय धरले. व्हरांड्यात बसलेली माणसं चहा पीत बघत होती. जावयाने स्टुलावर चढू नये, ही पद्धत त्या दिवशी कुणालाच आठवली नाही. बटण दाबलं, पंखा फिरला. "झालं की," आबामामा म्हणाले, "एवढुसं तर काम हुतं."

बाळासाहेब गेला, पाहुणे पांगले. त्या रविवारी सकाळी मी वैजूला म्हणालो, "आपण खोली बघू. कॉलेजच्या मागे दोन खोल्या रिकाम्या आहेत, मी विचारून आलोय."

ती गादीवर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचा हात थांबला नाही. "आत्ता?"

"आत्ता नाही तर कधी?"

"आत्ता गेलो तर लोकांना खरंच वाटेल."

"काय खरं वाटेल?"

"तेच. तुमच्याकडून राहून गेलं ते. तोंड लपवून पळाले म्हणतील." तिने माझ्या शर्टाची बाही आत दुमडली. "शिवाय आईला अजून चक्कर येते. तिला टाकून कुठं जायचं?"

"वैजू," मी म्हणालो, "टॉर्च तुझ्या हातात होता. तू सगळं बघितलंस. काल-परवा त्या सगळ्यांसमोर तू एक शब्द बोलली असतीस तरी पुरे होतं."

"आईच्या तोंडावर तिला खोटं पाडायचं होतं का मी?"

"नाही. पण तुला तरी ठाऊक आहे ना? बाकीच्यांचं जाऊ दे. तुला ठाऊक आहे ना, मी किती सांगितलं ते?"

"मला ठाऊक आहे हो," वैजू म्हणाली. शर्ट तिने बाकीच्या घड्यांवर ठेवला, त्याच्यावरून हात फिरवून सुरकुती काढली. मग जरा थांबून, काही वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाली, "पण तुम्ही तेव्हा जरा जोरानं म्हणायला पाहिजे होतं."

मी तिच्याकडे बघत राहिलो. मामांचा राग मला आला होता, बाळासाहेबाचा आला होता, मामींचाही आला होता. पुढे काही वर्षांनी मामा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचं सगळं मीच केलं आणि करता करता त्यांच्यावरचा राग कुठे गेला कळलं नाही. मामींनी शेवटी पाणी माझ्याच हातचं घेतलं, तेव्हा त्यांच्यावरचाही गेला. बाळासाहेबाशी मी आता फोनवर हसून बोलतो.

वैजूवरचा मात्र उतरला नाही. तिला ते माहीत नाही, आणि मी जोरात म्हणणार नाही.